घर खरं असतं, माणूस खोटा असतो

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी: दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, तीन आठवड्यांत हजर व्हायचंय, प्रत्यक्ष जाऊन घरं बघायला सवड नाही. ऑनलाइन एक फ्लॅट आवडला. फोटो छान, भाडं खिशाला झेपणारं. मालक कामानिमित्त परदेशात आहे. चावी कुरिअरने पाठवतो म्हणतो, पण त्याआधी एका महिन्याचं भाडं आणि अनामत रक्कम हवी. विश्वास बसावा म्हणून त्याने स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवलाय. हे खरं असू शकतं का? आणि खोटं असेल तर ओळखायचं कसं?

आधी उत्तर, मग कारणं. पैसे पाठवू नका.

भाड्याच्या घरांच्या जाहिराती घेणाऱ्या एका संकेतस्थळासाठी मी गेली बारा वर्षं संशयास्पद जाहिराती चाळायचं काम करतोय. 'मालक परदेशात, चावी कुरिअरने' ही कथा आता मला तोंडपाठ आहे. मालक कधी डॉक्टर असतो, कधी जहाजावरचा इंजिनिअर, कधी सैन्यातला, कधी बदली झालेला प्राध्यापक. बाकी मजकूर तोच. तो परदेशात असावाच लागतो, कारण 'मी घर दाखवू शकत नाही' या एका वाक्याची सोय त्यामुळे होते. हे वाक्य नुसतं म्हटलं तर तुम्ही लगेच सावध व्हाल. कारण जोडलं की ते पचतं.

तुम्ही, आणि तुमच्यासारखे बहुतेक जण, एक प्रश्न विचारता: हे घर खरं आहे का? या प्रश्नात फार वेळ जातो आणि हाती काही लागत नाही, कारण घर बहुतेक वेळा खरंच असतं. त्या पत्त्यावर ती इमारत असते, नकाशावर दिसते, फोटोतली खिडकीही जुळते. ठगाने कुठल्या तरी विक्रीच्या किंवा जुन्या भाड्याच्या जाहिरातीतून फोटो आणि वर्णन उचललेलं असतं. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: या माणसाचा आणि त्या घराचा संबंध काय? पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाच्या मागे आहे.

फोटोंपासून सुरुवात करू, कारण तिथे पाच मिनिटांत बरंच कळतं. जाहिरातीतला प्रत्येक फोटो 'गूगल लेन्स' किंवा 'टिनआय' यांवर उलटा शोधून पाहा, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे दिसतो ते शोधायचं. तोच दिवाणखाना दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाड्याने, किंवा सहा महिन्यांपूर्वी विक्रीला दिसला तर विषय तिथेच संपला. मात्र काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. हा शोध चुकवायला ठग फोटो आडवा उलटवतात, कडा कापतात, रंग किंचित बदलतात. एकदा माझ्यासमोर एका प्रशस्त स्वयंपाकघराचा फोटो आला होता. शोधात काहीच मिळालं नाही. मग सहज लक्ष गेलं भिंतीवरच्या घड्याळाकडे: तीनचा आकडा डाव्या बाजूला, नऊचा उजव्या. फ्रिजवरची कंपनीच्या नावाची अक्षरंही आरशात पाहावीत तशी. तो फोटो पुन्हा आडवा उलटवून शोधला आणि पहिल्याच फटक्यात मूळ जाहिरात सापडली, तीही दुसऱ्या देशातली. तेव्हापासून मी आधी घड्याळं, कॅलेंडरं आणि पुस्तकांचे कणे बघतो, सोफे नंतर. भिंतीवरचं प्लगचं सॉकेटसुद्धा बोलतं. निरनिराळ्या देशांत ते निरनिराळ्या आकाराचं असतं, आणि परक्या देशातला फोटो चिकटवणाऱ्याला ते झाकायचं सुचत नाही.

आता यंत्राने, म्हणजे एआयने, रचलेले फोटोही येऊ लागलेत. ते उलट्या शोधात सापडणार नाहीत, कारण ते कुठून उचललेलेच नसतात. तिथे एकेक फोटो न्याहाळत बसण्यापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवा. एकाच खोलीचे दोन कोन घ्या आणि खिडक्या मोजा. दाराचं हँडल कुठल्या बाजूला आहे, फरशीची रेघ कुठे मोडते, ते पाहा. खरी खोली दोन्ही फोटोंत एकच राहते.

भाड्याबद्दल सगळे सांगतात की फार स्वस्त असेल तर सावध व्हा. बरोबर आहे, पण हे ठगांनाही ठाऊक झालंय. हल्ली मुरलेला ठग भाडं बाजारभावाच्या जरासंच खाली ठेवतो, म्हणजे तुम्हाला 'नशीब उघडलं' असं वाटतं, संशय येत नाही. त्यामुळे नुसत्या भाड्यावर माझी भिस्त नाही. त्याच इमारतीतल्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या दुसऱ्या घराचं भाडं किती आहे ते पाहा आणि फरक असेल तर कारण विचारा. खऱ्या मालकाकडे कारण रुक्ष असतं: लिफ्ट नाही, समोर बांधकाम चाललंय, आधीच्या भाडेकरूने भिंती खराब केल्यात. ठगाकडे कारण भावुक असतं: 'मला पैशांपेक्षा घराची काळजी घेणारा माणूस हवाय.'

पासपोर्टच्या फोटोकडे येतो, कारण तुमचा विश्वास तिथेच बसलाय. तो पासपोर्ट खराही असू शकतो. पण बहुधा तो आधी फसलेल्या एखाद्या भाडेकरूचा असतो. ठगाने 'भाडेकरू म्हणून ओळखपत्र पाठवा' असं म्हटल्यावर तुमच्यासारख्याच कुणीतरी तो पाठवला, आणि आता तोच पुढच्या माणसाला 'मी मालक' म्हणून दाखवला जातोय. म्हणून तुमचं ओळखपत्र, पगाराची पावती, बँकेचं विवरण हे पहिल्या गप्पांत कुणालाही देऊ नका. घर पाहून, करार ठरल्यावर द्या. द्यायची वेळ आली तर प्रतीवर आडवं मोठ्या अक्षरांत लिहा: कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला. ते पुसणं अशक्य नसतं, पण पुसत बसण्यापेक्षा ठग दुसरं सावज पाहतो.

संबंध सिद्ध कसा होतो? एका कागदावर कधीच नाही. घरपट्टीची पावती, वीजबिल, खरेदीखत यांच्या पीडीएफमध्ये नाव बदलायला दहा मिनिटं लागतात. त्यामुळे त्याने पाठवलेला कागद हा पुरावा न मानता दावा माना, आणि तो दावा तुम्ही स्वतः दुसऱ्या वाटेने पडताळा. बऱ्याच देशांत मालमत्तेच्या सरकारी नोंदी थोडं शुल्क भरून पाहता येतात. तिथे नोंदीत कुणाचं नाव आहे ते बघा. इमारतीच्या व्यवस्थापकाचा किंवा कार्यालयाचा फोन स्वतः शोधा (त्याने दिलेला नंबर नको, तो त्याच्याच मित्राचा असेल) आणि हे घर भाड्याने द्यायचंय का एवढंच विचारा. एजंट असेल तर तो ज्या फर्मचं नाव सांगतो तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून फोन लावून 'हा माणूस तुमच्याकडे आहे का, हे घर तुमच्याकडे आहे का' हे दोन्ही विचारा. खऱ्या एजंटाचं नाव आणि फोटो वापरून फसवणारे भरपूर आहेत. शेवटी, पैसे ज्या खात्यात मागितले जातात त्या खात्याचं नाव नोंदीतल्या मालकाच्या नावाशी जुळतं का ते पाहा. 'खातं माझ्या मेव्हण्याच्या नावावर आहे, माझं सध्या कर खात्याच्या भानगडीत अडकलंय' असं उत्तर आलं की खुशाल समजा, पाणी इथेच मुरतंय.

आता व्हिडिओ कॉल. दुरून घर घेणाऱ्यासाठी हे सगळ्यात कामाचं हत्यार आहे, पण लोक ते वापरतात चुकीचं. समोरचा कॅमेरा दिवाणखान्यात फिरवतो, तुम्ही 'छान आहे' म्हणता, संपलं. तो आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओही असू शकतो. तुम्ही सांगाल तसं त्याने करायचं, हा नियम ठेवा. कॉल रस्त्यावरून सुरू होऊ दे. इमारतीची पाटी, मग प्रवेशद्वार, जिना किंवा लिफ्ट, दारावरचा नंबर, आणि मग कुलूप उघडताना चावी दिसली पाहिजे. मध्ये कॉल तुटला तर पुन्हा रस्त्यावरून. आत गेल्यावर एखादी वेडगळ फर्माईश करा: सिंकचा नळ सोडा, बाथरूमचा दिवा दोनदा लावून बंद करा, खिडकीतून खालचा रस्ता दाखवा, विजेच्या मीटरचा आकडा वाचा. खरा मालक थोडा वैतागेल, पण करेल. परदेशात असल्याचं सांगणाऱ्याला म्हणा, 'तुमच्या वतीने ज्याच्याकडे चावी आहे त्याला करू दे.' घर खरंच भाड्याने द्यायचं असेल तर चावी कुणाकडे तरी असतेच.

याच्याही पुढचा एक प्रकार आहे, आणि त्यावर मी मुद्दाम थांबतोय, कारण 'मी घर प्रत्यक्ष पाहिलं होतं, चावीही फिरवली होती' म्हणणारे लोक त्यातच फसतात. ठग एखादं सुसज्ज घर चार-पाच दिवसांसाठी रीतसर भाड्याने घेतो, पर्यटक घेतात तसं. आता त्याच्याकडे खरी चावी आहे. तो लांबच्या मुदतीच्या भाड्याची जाहिरात देतो आणि पुढचे तीन दिवस दर अर्ध्या तासाला एकेका कुटुंबाला घर दाखवतो. सगळ्यांना आवडतं, सगळ्यांशी करार होतो, सगळे अनामत देतात. सगळ्यांना एकच तारीख दिलेली असते. त्या सकाळी माझ्या ओळखीचा एक तरुण आपलं सामान टेम्पोतून घेऊन पोचला, तेव्हा दारात आधीच दोन कुटुंबं बॅगांसह उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात त्याच कुलपाची एकेक चावी. तिसरं कुटुंब जिना चढत होतं. आत नवा पर्यटक झोपेतून उठून, डोळे चोळत, हे सगळे कोण म्हणून बघत होता.

अशा ठिकाणी फोटोंची तपासणी, व्हिडिओ कॉल, प्रत्यक्ष भेट हे सगळं पार होतं. अडतो तो फक्त मालकीचा प्रश्न. शिवाय काही बारीक खुणा असतात. राहत्या घरात कपाटात काहीतरी अडगळ असते, फ्रिजवर बिलं असतात, शेजाऱ्याला मालकाचं नाव माहीत असतं. तीन दिवसांच्या पाहुण्याच्या घरात टॉवेल घडी घालून ठेवलेले आणि भिंतीवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला असतो. शेजारच्या दाराची बेल वाजवायला लाजू नका. 'इथे नवीन येतोय, इथे आधी कोण राहत होतं हो?' एवढं विचारलं की बहुतेक शेजारी मालकाची वंशावळ सांगतात.

संभाषणातल्या खुणा पटकन सांगतो. जाहिरातीच्या संकेतस्थळावरचा संवाद सोडून पहिल्याच मेसेजात खासगी चॅटवर यायचा आग्रह. कारण संकेतस्थळाकडे नोंद राहते आणि आमच्यासारखे लोक ती वाचतात. 'आणखी चार जण रांगेत आहेत, संध्याकाळपर्यंत टोकन द्या.' तुम्ही घराबद्दल विचारता आणि उत्तर पैशांबद्दल येतं. घर दाखवण्याआधीच 'परत मिळणारं' शुल्क. 'तुम्ही खरी व्यक्ती आहात का हे तपासायला एक सहा अंकी कोड पाठवलाय, तो सांगा'; हा कोड तुमचं व्हॉट्सॲप किंवा दुसरं खातं बळकावण्यासाठी असतो, घराशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'पैसे तुमच्याकडे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका' हेही तसलंच. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

बनावट पानांचा प्रकार जरा समजून घ्या. मालक म्हणतो, 'तुमच्या सुरक्षिततेसाठी व्यवहार एअरबीएनबीमार्फत करू,' (थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने मिळतात ते संकेतस्थळ) आणि लिंक पाठवतो. पान हुबेहूब तसंच दिसतं, मदतकक्षाचा चॅटही चालू असतो. पानाचा वेब-पत्ता वाचायची पद्धत अशी: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेषा सोडा, त्यानंतर जी पहिली तिरकी रेष येते तिच्या लगेच आधीचा तुकडा ते पान खरं कुणाचं आहे ते सांगतो. कंपनीचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला असलं आणि त्यापुढे डॉट देऊन दुसरंच काही आलं, तर ते पान त्या दुसऱ्याचं आहे. सोपा उपाय म्हणजे लिंक दाबायचीच नाही. ॲप स्वतः उघडून तिथे ते घर शोधायचं. सापडत नसेल तर ते तिथे नाहीच.

हे सगळं संकेतस्थळं आधीच का पकडत नाहीत, असा राग लोक माझ्यावर काढतात, आणि तो पूर्णपणे गैरवाजवी नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी 'क्रेग्सलिस्ट' या अमेरिकी संकेतस्थळावरच्या भाड्याच्या जाहिराती तपासल्या. २० शहरांत मिळून त्यांना २९,००० हून अधिक खोट्या जाहिराती सापडल्या, आणि त्यातल्या निम्म्याही संकेतस्थळाने हटवलेल्या नव्हत्या. त्यातला एक मोठा प्रकार घराचा नव्हताच: 'घर दाखवण्याआधी तुमचा क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) या लिंकवरून काढा' म्हणायचं, आणि त्या लिंकवर दर महिन्याला पैसे कापणारी वर्गणी गळ्यात मारायची. माझा अनुभव सांगतो की आम्ही एक जाहिरात काढली की तोच मजकूर दुसऱ्या नावाने पुन्हा येतो. 'पडताळलेली जाहिरात' असा शिक्का दिसला तर नेमकं काय पडताळलंय ते वाचा. अनेकदा फक्त फोन नंबर चालू आहे एवढंच पाहिलेलं असतं.

मालक खरा, घर खरं आणि तरीही अनामत बुडाली, असंही होतं. दक्षिण कोरियात 'जॉन्से' नावाची पद्धत आहे: भाडेकरू घराच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त रक्कमही एकरकमी अनामत म्हणून देतो आणि दरमहा भाडं देत नाही, मुदत संपल्यावर रक्कम परत. २०२२-२३ मध्ये तिथे घरांच्या किमती घसरल्या आणि उघड झालं, की काही मालकांनी भाडेकरूंच्या अनामत रकमांवरच शेकडो घरं विकत घेतली होती. परत द्यायला पैसे नव्हते. प्रकरण एवढं चिघळलं की २०२३ मध्ये पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. तेव्हा अनामत मोठी असेल तर घरावर कर्जाचा बोजा किती आहे तेही पाहा, आणि अनामत मालकाच्या हाती न देता तिसऱ्या, नियमांनी बांधलेल्या जागी ठेवायची सोय तुमच्या देशात असेल तर तीच मागा.

पैसे कसे द्यायचे? क्रेडिट कार्डाने दिलेले पैसे वाद घालून परत मिळायची थोडीफार शक्यता असते. बँकेतून पाठवलेले पैसे एकदा समोरच्याने काढून घेतले की परत मिळणं फार अवघड. वेस्टर्न युनियनसारखी रोख पाठवण्याची सेवा, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो मागणारा मालक मी बारा वर्षांत एकही खरा पाहिलेला नाही.

घर देणाऱ्यांसाठीही दोन ओळी. भाडेकरू 'चुकून' जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि फरक परत मागतो. बँकेत रक्कम जमा दिसते म्हणून तुम्ही फरक पाठवता, काही दिवसांनी चेक खोटा निघून जमा रक्कम उलटते, आणि तुम्ही पाठवलेले पैसे मात्र गेलेले असतात. आणि आपल्या घराची विक्रीची जाहिरात संपल्यावर फोटो काढून टाकायला सांगा, नाहीतर कुणी अनोळखी माणूस एक दिवस ट्रकभर सामान घेऊन तुमच्या दाराशी येईल.

पैसे आधीच गेले असतील तर पहिला फोन बँकेला, आत्ता, हे वाचणं थांबवून. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत ती गोठवता आली तर आशा जास्त असते. मग पोलिसांत तक्रार. चॅट रागाने डिलीट करू नका. जाहिरात, मेसेज, खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ओळखपत्र पाठवलं असेल तर तेही तक्रारीत लिहा, म्हणजे उद्या तुमच्या नावाने कुणी फसलं तर तुमच्याकडे कागद राहील. आणि काही आठवड्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडं शुल्क लागेल' असा फोन आला तर तो बहुधा त्याच किंवा दुसऱ्या टोळीचा असतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

आता तुमच्या मालकाकडे वळू. त्याला आज हा मेसेज पाठवा, शब्दही बदलू नका: 'घर आवडलं. माझी एक मैत्रीण त्याच शहरात आहे, ती उद्या किंवा परवा येऊन पाहील. चावी कुणाकडे आहे त्यांचा नंबर द्या. घर पाहून, मालकीची नोंद तपासून, करारावर दोघांच्या सह्या झाल्या की त्याच दिवशी पैसे देईन.' शहरात मैत्रीण नसली तरी चालेल. नव्या ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला विनंती करा. एखाद्या अनोळखी नव्या माणसासाठी अर्धा तास खर्च करायला लोक वाटतं त्यापेक्षा जास्त तयार होतात, कारण त्यांनीही कधीतरी असंच घर शोधलेलं असतं.

माझा अंदाज असा, की उत्तर येईल ते असं: चावी आपल्याकडेच आहे, आधी कुणीतरी घर खराब केलं म्हणून आता कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही विश्वास दाखवायला हवा. त्यावर काही लिहू नका. जाहिरातीखालचं 'तक्रार नोंदवा' बटण दाबा, आणि पहिले दोन-तीन आठवडे ऑफिसजवळ एखादी साधी खोली रोजच्या दराने घ्या. थोडे पैसे जास्त जातील. पण त्या तीन आठवड्यांत संध्याकाळी चालत जाऊन आठ-दहा घरं पाहून होतील, आणि नळ तुम्ही स्वतः सोडून बघाल.